आंब्याला कोयता कोणी लावायचा?

दापोलीहून बुरोंडीकडे निघालं की वाटेत परशुरामाचा भला मोठा पुतळा लागतो, पृथ्वीच्या गोलावर उभा असलेला. समुद्र मागे हटवून कोकण वसवणारा देव म्हणून तो तिथे आहे हे ठीकच, पण तो दिसला की माझ्या डोक्यात दरवेळी एक भलताच प्रश्न येतो. परशुराम म्हटलं की परशू आला, म्हणजे चक्क कुऱ्हाड. मग ज्या भूमीचा मूळपुरुष कुऱ्हाडवाला, त्या भूमीतला माणूस आपल्या आवारातल्या हापूसच्या कलमाला साधा कोयता लावायला इतका का कचरतो?

प्रश्न गंमतीचा वाटेल, पण सध्या तो आमच्या ऑफिसात गंभीरपणे चर्चेला आहे. कोकणात पाच-सात गुंठे घ्यायची साथच आलीय म्हणा ना! लाडघर, बुरोंडी, कोळथरे या पट्ट्यात कोणाचा ना कोणाचा प्लॉट निघतोच. मग कॅन्टीनमध्ये प्रश्न सुरू होतात. कुठली झाडं लावू? घरापासून किती लांब? फळ किती वर्षांनी? झाड वाढल्यावर त्याला आवरायचं कसं, हे मात्र कोणीच विचारत नाही. (आयटीतल्या माणसाला 'छाटणी' हा शब्द ऐकला की पोटात गोळा येतो, हे एक कारण असू शकेल.) तर आज आधी तो न विचारलेला प्रश्न घेतो, कारण सगळा इतिहास तिथेच दडलेला आहे.

सुरुवातीलाच एक गैरसमज दूर करू. कोकणी माणसाला झाडं तोडणं-छाटणं माहीत नव्हतं असं अजिबात नाही. उलट तो शतकानुशतकं कोयता चालवत आलाय. भाताचं रोप करायचं तर त्या जमिनीची आधी भाजवळ करावी लागते. शेण, पालापाचोळा आणि झाडांच्या तोडलेल्या फांद्या पसरून, वर माती टाकून जाळायचं. यालाच राब म्हणतात. त्यासाठी ऐन, किंजळ अशा झाडांच्या फांद्या दरवर्षी उतरवायच्या, म्हणजे कवळ तोडायची. सह्याद्रीच्या पायथ्याशी अजूनही बुंध्यापासून वरपर्यंत गाठीगाठींचे, टोकाला झुपका असलेले ऐन दिसतात ना, ते पिढ्यान् पिढ्यांच्या कवळतोडीचं काम. इंग्रजांच्या जंगल खात्याला हा प्रकार बघवेना. ठाणे-कुलाब्यात राबावरून एवढा असंतोष झाला की १८८५ मध्ये मुंबई सरकारला त्यावर खास आयोग नेमावा लागला आणि १८८७ मध्ये त्याचा जाडजूड अहवाल आला.

म्हणजे कोयता होता, हातही सराईत होता. पण त्या कोयत्याचा हेतू बघा. फांदी हवी म्हणून फांदी तोडायची. कधी राबासाठी, कधी सरपणासाठी, कधी कुंपणासाठी. झाडाला आकार द्यायचा म्हणून, पुढच्या पाच वर्षांत फांद्या कुठे जाव्यात हे ठरवून तोडायची, ही कल्पनाच वेगळी. ती कल्पना कोकणात फार उशिरा आली आणि माझ्या मते त्याची कारणं आळसात नाहीत, मालकीत आणि मजुरीत आहेत.

आता फळझाडांकडे वळू. आंबा आणि फणस यांचा मान पहिल्यापासूनच वेगळा. व्हॉट्सॅपवर दर शिवजयंतीला फिरणारा एक मजकूर तुम्ही वाचला असेलच, आंब्या-फणसाची झाडं तोडू नका असं सांगणारा. तो शिवाजी महाराजांच्या नावावर फिरतो, पण मुळात आहे 'आज्ञापत्रा'तला. रामचंद्रपंत अमात्यांनी इ. स. १७१५ च्या सुमारास, म्हणजे महाराज गेल्यावर पस्तीस वर्षांनी, कोल्हापूरच्या गादीसाठी लिहिलेला हा राजनीतीवरचा ग्रंथ. अमात्य शिवकाळातच तयार झालेले, त्यामुळे विचारांचा धागा तिकडे जातो हे खरं, तरी नाव बरोबर द्यावं. असो.

पण त्यातली खरी गंमत फॉरवर्ड करणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. तो मजकूर पर्यावरणाच्या प्रकरणात नाही, आरमाराच्या प्रकरणात आहे! गलबतं बांधायला लाकूड लागतं, सागवानाबरोबर आंबा-फणसाचंही लाकूड कामाचं असतं, पण त्याला हात लावू देऊ नका असं अमात्य सांगतात. कारण ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेनं ती लेकरांसारखी वाढवलेली असतात, ती तोडली तर तिच्या दुःखाला पार राहणार नाही. अगदीच जीर्ण झालेलं झाड असेल तर मालकाला राजी करून, पैसे देऊन न्या.

आता हे आपल्या प्रश्नाला लावून बघा. किनाऱ्यावरच्या माणसाच्या दृष्टीने आवारातला आंबा म्हणजे फळ तर होतंच, शिवाय लाकूड होतं. दारं, तुळया, होडीच्या फळ्या, आणि शेवटी घरातल्या म्हाताऱ्याचं सरणही. लाकडासाठी सरळ, उंच, गाठ नसलेलं खोड हवं. तेव्हा रायवळ आंबा पन्नास-साठ फूट गेला तर ते कौतुक होतं, अडचण नव्हे. आणि झाड लेकरासारखं असेल तर लेकराचा हात कोण कापणार? 'आंब्याला कोयता लावायचा नाही' या संकोचाची मुळं इथवर जातात असं मला वाटतं. कायदाही त्याच वाटेने गेला. महाराष्ट्राच्या १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीत आंबा, फणस, ऐन, किंजळ हे सगळे आहेत. आपल्याच आवारातला आंबा तोडायलाही परवानगी लागते ती त्यामुळे.

मग आलं कलम. हा शब्दच भारी आहे. आपल्याकडे कलम म्हणजे लेखणी, कायद्याचं कलम आणि आंब्याचंही कलम. मूळ अरबी-फारसी शब्द बोरूचा, म्हणजे कापून टोक केलेल्या काडीचा. झाडाच्या कापून लावलेल्या काडीला तोच शब्द चिकटला. म्हणजे कापणं हे या शब्दाच्या पोटातच आहे!

आंब्याचं कलम करायला गोव्यात सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी, त्यातही जेझुइट पाद्र्यांनी सुरुवात केली असं मानलं जातं. गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याचं औषधी वनस्पतींवरचं पुस्तक १५६३ मध्ये गोव्यातच छापलं गेलं आणि त्यात आंब्यावर प्रकरण आहे. पुढच्या शतकात मनुची नावाचा इटालियन भटक्या गोव्याच्या उत्तम आंब्यांची नावं देतो, त्यात निकोलाव आफोन्सो असं एक नाव येतं. हापूस हा आफोन्सोचा अपभ्रंश हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण तो आफोन्सो म्हणजे गोवा जिंकणारा अल्बुकर्क की मनुचीच्या यादीतला निकोलाव, यावर वाद घालायला जागा आहे. लोकांना अर्थातच विजेता सेनापती आवडतो. माझं मत निकोलावला, कारण आंब्याला सेनापतीपेक्षा बागवानाचं नाव पडणं जास्त शक्य वाटतं.

पूर्वीची पद्धत भेट कलमाची. कुंडीतलं रायवळ रोप मोठ्या झाडाच्या फांदीशी नेऊन दोघांची साल तासून बांधायची आणि जुळली की फांदी मागून कापायची. कोय कलम आणि पाचर कलम नंतर आले. कलमाने दोन गोष्टी बदलल्या. पहिली सगळ्यांना माहीत आहे, की फळ हमखास आईसारखंच. दुसरी म्हणजे झाडाचा आकार. कलमाची काडी वयात आलेल्या झाडाची असते, त्यामुळे ते चौथ्या-पाचव्या वर्षी मोहरतं आणि सरळ आकाशात जाण्याऐवजी आडवं पसरतं. तेव्हा कोकणी माणसाने झाडाचा आकार बदलायचं तंत्र चारशे वर्षांपूर्वीच उचललं होतं असंही म्हणता येईल. फक्त ते लावणीच्या दिवशी एकदाच वापरायचं आणि मग झाड सोडून द्यायचं, असा प्रकार झाला. आपल्या भाषेत सांगायचं तर डिप्लॉय केलं आणि मेन्टेनन्सचं बजेटच ठेवलं नाही.

का ठेवलं नाही? कारण मेन्टेनन्स करणारा माणूस गावात नव्हता. रत्नागिरी जिल्हा खोतीचा. जमीन खोताची आणि राबणारा कूळ. ज्या जमिनीवर आपण उद्या असू की नाही हे माहीत नाही तिथे दहा वर्षांनी भरात येणारं झाड लावून त्याला वळण देत बसणार कोण? बाबासाहेब आंबेडकरांनी खोती रद्द करण्याचं विधेयक १९३७ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात आणलं, प्रत्यक्ष कायदा व्हायला १९४९ साल उजाडलं. तोवर तरणी माणसं मुंबईच्या गिरण्यांत आणि गोदीत पोचली होती. गावात बायका आणि म्हातारी माणसं, चाकरमानी येणार गणपतीला आणि मे महिन्यात. आता बघा, आंब्याची छाटणी करायची योग्य वेळ म्हणजे फळं उतरल्यावर, पाऊस धरायच्या आधीचे थोडे दिवस. नेमका तेव्हाच चाकरमानी आंब्याची पेटी घेऊन एसटीत बसलेला असतो!

१९७२ मध्ये दापोलीला कृषी विद्यापीठ झालं. वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राने हापूस आणि नीलमच्या संकरातून १९८१ मध्ये 'रत्ना' दिला, १९९२ मध्ये जवळजवळ बिनबाठ्याचा 'सिंधू' दिला. मग १९९० मध्ये रोजगार हमीशी जोडलेली फळबाग लागवड योजना आली आणि कोकणातल्या वरकस कातळांवर खड्डे खणले जाऊ लागले. आज रस्त्याने दिसणाऱ्या हापूस-काजूच्या बागांपैकी कितीतरी त्या काळातल्या. शिफारस होती दहा बाय दहा मीटर अंतराची, हेक्टरी शंभर झाडं. हे अंतर म्हणजे झाडाला वाढेल तेवढं वाढू दे असंच सांगणं झालं. आता पाच गुंठेवाल्यांनो, जरा गणित करा. दहा बाय दहा म्हणजे शंभर चौरस मीटर, म्हणजे जवळपास एक गुंठा. तुमच्या पाच गुंठ्यांत पाच हापूस बसतात, फक्त घर बांधायचं नाही.

विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी आणखी एका दिशेने प्रयत्न केले. हापूस एक वर्ष धरतो, एक वर्ष दगा देतो. यावर पॅक्लोब्युट्राझॉल, म्हणजे बाजारातलं कल्टार, मुळाशी घालायचं. ते झाडातल्या वाढीच्या संप्रेरकाला लगाम घालतं, पालवी कमी येते आणि मोहोर नियमित येतो. १९९० च्या आसपासच्या या संशोधनात गुंजाटे यांच्याबरोबर एक नाव ठळक दिसतं, बुरोंडकर. आडनाव वाचून मी खुर्चीतच हसलो होतो. ज्या गावच्या झाडांची गोष्ट सांगतोय त्या गावचं आडनाव झाडांची वाढ आवरण्याच्या शास्त्रात निघावं! व्यापारी बागांना त्याचा फायदा झाला यात वाद नाही. घराच्या आवारात मात्र मी ते वापरणार नाही. ते मातीत बराच काळ राहतं आणि शेजारी भाजी, हळद, विहीर सगळंच असतं. शिवाय ज्याला चार झाडं आहेत त्याच्याकडे कात्री चालवायला वेळ असायला हरकत नाही.

अशा रीतीने २०२० साल उजाडलं तेव्हा परिस्थिती अशी होती. १९९० नंतरची कलमं तिशीला आलेली, आवारातली त्याहून जुनी कलमं चाळीस फुटांवर, त्यांच्यावर बांडगुळं माजलेली, फळ सगळं शेंड्याला, आणि घरावर डोकावणारे माड. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर आलं. रायगडाबरोबर मंडणगड आणि दापोली तालुक्यांनी त्याचा मार खाल्ला. कौलं आणि पत्रे उडाले, सुपाऱ्या काडीसारख्या मोडल्या, आणि आंबे मुळांसकट उलथले. कित्येक ठिकाणी घराचं नुकसान वाऱ्याने केलं त्याहून जास्त घरावर पडलेल्या झाडाने केलं.

इथे दोन मिनिटं भौतिकशास्त्र. एकाच आकाराची दोन झाडं घ्या, एक दुसऱ्याच्या दुप्पट उंच. दुप्पट उंच झाडाच्या पानोऱ्याचं क्षेत्रफळ चौपट, म्हणजे वाऱ्याचा जोर चौपट. तो जोर दुप्पट उंचीवर लागतो, म्हणजे बुंध्याशी येणारा पीळ आठपट. खोडही जाड होत जातं हे कबूल, पण आपल्याकडे हात-दीड हाताखाली जांभा लागतो आणि मुळं पसरून बसतात. त्यातून कलम पिशवीतलं असेल तर मुळांचं वेटोळं झालेलं. म्हणून जमेल तिथे जागेवरच बाठा रुजवून त्यावर कलम बांधलेलं चांगलं, त्याचं सोटमूळ सलामत राहतं. पिशवीतलंच घ्यायचं असेल तर वेटोळी मुळं लावताना सोडवा.

नुकसानभरपाईतसुद्धा झाडाचा प्रश्न निघाला. सरकारने फळबागांसाठी हेक्टरी पन्नास हजार जाहीर केले. गुंठ्याला पडले पाचशे रुपये! आगरातल्या तीन-चार गुंठ्यांत नारळ-सुपारी-जायफळ दाटीने लावून त्यावर घर चालवणाऱ्याचं नुकसान हेक्टरात मोजताच येत नाही, ते झाडात मोजावं लागतं. ओरड झाल्यावर नारळ-सुपारीला झाडामागे दर ठरवण्यात आले. अमात्यांना हे सांगावं लागलं नसतं. झाडाला मालक असतो आणि किंमत झाडाची असते, हे ते तीनशे वर्षांपूर्वी लिहून बसले होते.

या वादळाचा धडा जगात दुसरीकडे आधीच शिकून झालाय, आणि त्यात आपला एक जुना धागा आहे. १८८९ मध्ये मुंबईहून आंब्याची काही कलमं अमेरिकेत फ्लोरिडाला गेली. त्यातलं मलगोबाचं एक झाड जगलं आणि त्याच्या बीपासून 'हेडन' हा त्यांचा प्रसिद्ध आंबा निघाला. म्हणजे फ्लोरिडाची आंबेशेती आपल्याच किनाऱ्यावरून गेलेली. ऑगस्ट १९९२ मध्ये अँड्र्यू चक्रीवादळाने मायामीच्या दक्षिणेचा फळबागांचा पट्टा झोपवला. तिथलं विद्यापीठ आज परसातल्या आंब्याबद्दल लोकांना साधा सल्ला देतं: झाड बारा-पंधरा फुटांवर राखा, वादळात टिकतं आणि फळ हाताशी येतं.

माझ्या एका मित्राने निसर्गनंतर आपल्या बुरोंडीच्या आवारातल्या उरलेल्या हापूसचा शेंडा उतरवायचं ठरवलं. कामाला आलेल्या वयस्क गड्याला म्हणाला, "दादा, वरचा अर्धा काढून टाका." तो कोयता कमरेलाच ठेवून म्हणाला, "नको ओ साहेब, आंबा रुसतो." मित्राला ही अंधश्रद्धा वाटली. मला नाही वाटत. आंब्याचा मोहोर येतो तो पिकलेल्या, म्हणजे काही महिने जुन्या काडीच्या टोकाला. दिवाळीच्या सुमारास सगळी टोकं कापलीत तर झाड पालवीच्या मागे लागतं आणि त्या वर्षी मोहोर विसरा. अर्धं झाड एकदम उतरवलं तर दोन-तीन वर्षं फळ नाही. याला रुसणं नाही तर काय म्हणायचं? दादांचं निरीक्षण शंभर टक्के बरोबर, फक्त त्यातून 'कधीच कापू नये' हा निष्कर्ष निघत नाही. 'केव्हा आणि किती' हा निघतो.

युरोपातली छाटणीची पुस्तकं आपल्याला थेट उपयोगी नाहीत ती याच कारणाने. चौदाव्या लुईसाठी ला क्विंतिनी याने सतराव्या शतकात व्हर्सायला नाशपतीची झाडं भिंतीवर पंख्यासारखी चपटी वाढवली, ते बघायला अप्रतिम आहे. पण तिथे झाड हिवाळ्यात झोपतं, आणि झोपलेल्याचे केस कापणं सोपं. आपला आंबा झोपतच नाही.

तेव्हा कुठलंही झाड निवडताना मी पहिला प्रश्न विचारीन, की याला फळ कुठे लागतं? आंबा आणि काजू टोकाला, म्हणून जपून आणि फळं उतरताच हलकी छाटणी. फणस खोडाला आणि जाड फांद्यांना, म्हणून त्याचा शेंडा उतरवला तरी फळाला धक्का नाही. लहान आवारात फणस ठेवता येतो तो असा. पेरूला फळ नव्या फुटीवर, त्याला छाटाल तेवढा तो खूश. आणि माड-सुपारी? त्यांना एकच कोंब. तो गेला की झाड गेलं. त्यांना वळण देणं वगैरे काही नाही, सगळा निर्णय लावायच्या दिवशीच. माड आडवा झाला तर शेंडा कुठे टेकेल ते आधी पावलांनी मोजा. घरावर टेकत असेल तर तिथे माड नको, कितीही फोटोजेनिक असला तरी.

पाच गुंठ्यांसाठी मी कोकमाला फार वरचा नंबर देईन. मुळातच शंकूसारखं नेटकं वाढतं, छाटणी जवळजवळ नाहीच. फक्त त्यात नर-मादी झाडं वेगळी असतात. बियांचं रोप लावलंत तर सात-आठ वर्षांनी कळतं की हा नर आहे! म्हणून मादी झाडाचं कलमच घ्या, विद्यापीठाची 'कोकण अमृता' आहे. जायफळाचंही तसंच.

हापूस हवाच असेल (हवाच असतो!) तर पहिली तीन वर्षं महत्त्वाची. कलमाच्या सांध्याखालून येणारी फूट दिसताक्षणी काढा. ती खुंटाची, म्हणजे रायवळाची असते आणि वरचं कलम मारून टाकते. 'आमचा हापूस पुढे रायवळ झाला' या कथेचं रहस्य बहुतेक वेळा एवढंच असतं. झाड मांडीच्या वर आलं की शेंडा खुडा. शेंडा असतो तोवर तो खालच्या डोळ्यांना दाबून ठेवतो, तो गेला की बाजूने फुटी येतात. त्यातल्या तीन-चार ठेवा, चारी दिशांना जाणाऱ्या आणि खोडावर एकमेकींपासून वीतभर अंतराच्या. इंग्रजी व्ही अक्षरासारखा अरुंद बेचका ठेवू नका, तो वादळात बरोबर मधून फाटतो. पहिली तीन वर्षं मोहोर खुडायचा. इथे बहुतेकांचा हात थरथरतो.

मोठी फांदी कापायची तर खोडाशी जिथे ती फुगीर होते ती कॉलर सोडून, त्याच्या बाहेर कापा. अगदी खोडालगत गुळगुळीत कापायची जुनी पद्धत चुकीची, हे अमेरिकेच्या वनखात्यातल्या अ‍ॅलेक्स शायगो या माणसाने हजारो झाडं उभी चिरून दाखवलं. झाडाची जखम आपल्यासारखी भरून येत नाही, झाड तिच्याभोवती भिंत घालतं, आणि ती भिंत घालायची यंत्रणा त्या फुगवट्यात असते. जखमेला लेप लावावा की नाही यावर शायगोपंथी नाक मुरडतात. पण न्यू हॅम्पशायरमध्ये बुरोंडीचा पाऊस नाही आणि भिरूडही नाही, तेव्हा मी तरी बोर्डो पेस्ट लावीन.

जुनं चाळीस फुटी झाड घराशेजारी असेल तर ते एका दमात उतरवू नका. पावसाळा संपल्यावर मधली एक-दोन उभी फांद्यांची खोडं काढा, म्हणजे आत ऊन पडेल, खाली नवी फूट येईल. ती धरली की पुढच्या वर्षी उरलेली. परवानगीचं आधी तलाठ्याकडे किंवा वनखात्याकडे विचारून घ्या. वर चढायला मात्र अनुभवी माणूस लावा. आता गावात चढणारे फार थोडे उरलेत आणि बागांतून नेपाळहून आलेले कामगारच बहुतेक काम करतात, त्यांना सीझनमध्ये वेळ नसतो.

शेवटची उंची किती ठेवायची, याला मात्र माझ्याकडे एक देशी माप आहे. दापोलीच्या विद्यापीठाचा 'नूतन झेला' मिळतो, त्याच्या पात्याने आंबा देठासकट कापला जातो आणि जाळीत पडतो, चीक सालीवर येत नाही. त्याला बांबू बसवायचा. जमिनीवर उभं राहून तो घरातल्या सगळ्यात बुटक्या माणसाला जिथवर पेलेल, त्याच्या वर फांदी नको. त्यामुळे कोयता हातात घेण्याआधी दापोलीच्या बाजारातून झेला घेऊन या आणि बांबूची लांबी मोजा.